सत्तेचाळीस मिनिटांचा नियम

परवा व्हिडिओ कॉलवर थोरली म्हणाली, "आजी, तू कंपनीत नुसतं टेस्टिंग करायचीस ना? म्हणजे खरं काम दुसरेच करायचे." आणि धाकटा मागून हसला. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती आणि माझं लक्ष तिकडे होतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून गेल्या वर्षीची ही हकिगत लिहून पाठवते आहे.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं आणि ऑफिसात जन्मभर मी इंग्रजीच लिहिलं. तरी हे मराठीत लिहिते, कारण तुम्ही दोघं मराठी वाचायचं टाळता, आणि गोष्ट चांगली असेल तर शेवटपर्यंत वाचाल असा माझा अंदाज आहे. अडलं तर आईला विचारा. बाबाला विचारू नका, तो शेवट आधीच सांगून टाकेल.

तुमचे आजोबा गेल्यानंतर हैदराबादच्या आपल्या नल्लकुंट्याच्या घरातली वरची खोली रिकामी पडली होती. ती मी एका मुलीला भाड्याने दिली. मुलगी नांदेड जिल्ह्यातली. वडील बसवर कंडक्टर होते, आणि घराण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करणारी ही पहिलीच. खोलीत खिडकीशी बुद्धाची लहानशी मूर्ती, एक लॅपटॉप आणि भिंतीलगत पुस्तकांच्या चळती, एवढाच संसार. मला काकू म्हणते. आली त्या दिवशी तिने आपल्या कंपनीचं नाव सांगितलं आणि मी फक्त "बरं" म्हणाले. मी जिथून निवृत्त झाले ती हीच कंपनी. पण हे मी तिला सांगितलं नाही. भाडेकरूशी ऑफिसच्या गप्पा मारायच्या नाहीत असं मी ठरवून ठेवलेलं आहे. नीटनेटक्या माणसाचे असे काही हट्ट असतात आणि कधीकधी ते अंगाशी येतात.

मार्चमध्ये मी अंबरपेठेच्या बाजारातून वर्षाची चिंच आणते आणि व्हरांड्यात बसून फोडते. गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी ती मुलगी दहाच्या सुमाराला खाली आली आणि समोर बसली.

"द्या काकू इकडं, मी काढते चिंचोके."

"तुझं ऑफिस नाही का आज?"

"घरूनच हाय. बिल्ड होऊ लालंय."

पाऊण तास ती चिंच फोडत बसली, मग वर गेली. दहा मिनिटांनी परत खाली. पुन्हा बिल्ड. दिवसभरात ती पाच वेळा आली. मला सगळं मोजायची सवय. एका बिल्डमध्ये तिची साधारण अर्धा किलो चिंच होत होती. चौथ्या दिवशी चिंच संपली तेव्हा तिने तांदूळ निवडायला मागितले. फुकटची मदत कोणाला नको असते, पण मला ते बघवेना. शिकलीसवरलेली, हुशार मुलगी निम्मा दिवस माझे तांदूळ निवडते म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

धाकट्यासाठी बिल्ड म्हणजे काय ते सांगते. ही कंपनी इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर करते. ते जावा भाषेत लिहिलेलं आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. एवढं मोठं सॉफ्टवेअर एकसंध लिहीत नाहीत, त्याचे भाग पाडतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. रुग्णाची नोंद एका मॉड्यूलमध्ये, प्रयोगशाळा दुसऱ्यात, औषधं तिसऱ्यात, असे तेवीस. काही मॉड्यूल दुसऱ्यांवर उभे असतात. डाळ शिजल्याशिवाय पुरण नाही आणि पुरणाशिवाय पोळी नाही, तसं. तर लिहिलेलं सगळं मशीनला कळेल अशा रूपात आणायचं, ते बरोबर चालतं का हे शेकडो लहानमोठ्या टेस्ट चालवून पाहायचं, आणि मग त्याचं एक गाठोडं बांधून सर्व्हरवर चढवायचं. या सगळ्याला मिळून बिल्ड म्हणतात. थोरलीला हे माहीत आहे, पण तिनेही वाचावं.

महिन्याच्या मध्यावर एके दिवशी ती खाली आली आणि कशालाच हात न लावता पायरीवर बसून राहिली. मी विचारलं तेव्हा कळलं की तिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. सहा महिन्यांची मुदत संपून तीन महिने वाढवून मिळाले होते, आणि तेही या महिनाअखेर संपत होते. तिच्या टीमच्या साहेबांनी त्या सकाळी स्पष्ट सांगितलं होतं की तुझं काम बरोबर असतं पण उशिरा येतं, आणि असंच चाललं तर कायम केल्याचं पत्र देता येणार नाही.

"मग काय करशील?"

"काय करणार? परत गावाकडं. पप्पांनी तर गल्लीत पेढे वाटून टाकलेत, पोरगी परमनंट झाली म्हणून."

"तू त्यांना खरं सांगितलं नाहीस?"

"सांगायला गेले तर म्हणले, आता पेढे परत मागायला मी जाऊ का? तूच हो परमनंट."

मला हसू आलं, तिला आलं नाही. मी विचारलं, आज काय काम होतं. तर प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर तारीख रुग्णाच्या नावावर चढत होती, ती बाजूला करायची होती. दोन ओळींचा बदल. पहिल्यांदा तारीख फारच डावीकडे गेली, दुसऱ्यांदा खाली घसरली, पाचव्यांदा जागेवर बसली. आणि प्रत्येक वेळी तो बदल डोळ्यांनी पाहण्यासाठी तिने सगळं जुनं पुसून तेवीसच्या तेवीस मॉड्यूल पहिल्यापासून बांधले होते, सगळ्या टेस्ट चालवल्या होत्या, गाठोडं बांधून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला होता. एका खेपेला सत्तेचाळीस मिनिटं. एका तारखेपायी चार तास.

"दर वेळी सगळं कशाला बांधायचं?" मी म्हणाले. "हात तर एकालाच लावलास."

"नियम हाय काकू. कागदावर पहिल्या पानावर लिहिलेलं हाय. दर वेळी सगळं पुसा, सगळं बांधा, अपवाद नाही. आमच्याकडं त्याला मॅडमचा नियम म्हणतात. त्याला कुणी हात लावत न्हाई."

मी पदराने चष्मा पुसला. ते वाक्य माझं होतं. "अपवाद नाही" हे दोन शब्द मी स्वतः जाड अक्षरांत टाईप केले होते.

तो नियम मी का केला ते आधी सांगते. माझ्याकडे रिलीजचं काम होतं, म्हणजे इस्पितळाला द्यायचं गाठोडं माझ्या सहीशिवाय बाहेर जात नसे. एकदा एकाने फक्त आपला मॉड्यूल बांधला आणि बाकीचे जुने तसेच गाठोड्यात राहिले. औषधांच्या यादीत मिलिग्रॅमच्या जागी जुनं एकक छापून आलं. एका नर्सने वेळीच पाहिलं म्हणून निभावलं. त्या आठवड्यात मी नीट जेवलेसुद्धा नाही. मग हा नियम लिहिला. तेव्हा मॉड्यूल सहा होते आणि सगळं बांधायला चार मिनिटं लागत. चार मिनिटांसाठी तो नियम उत्तम होता. पुढे मॉड्यूल वाढत गेले, मी निवृत्त झाले, आणि नियम तिथेच राहिला.

माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात सोवळं असे. एका तांब्याला कोणाचा हात लागला की सगळी भांडी पुन्हा घासायची आणि पाणी पुन्हा भरायचं. मी इंग्रजी शिकलेली सून, मी त्याला मनात हसायची. आणि ऑफिसात बसून मी तेवीस मॉड्यूलचं सोवळं मांडून ठेवलं होतं, जे ही पोर नऊ महिने पाळत होती.

त्या दिवशी मी तिला काहीच सांगितलं नाही. खरं तर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीच्या बाजारात जाऊन आलेखाचे कागद आणि रंगीत पेन्सिली घेऊन आले आणि तिला म्हणाले, "मी तुझ्या कंपनीचा कोड बघणार नाही. तुझ्या मशीनला हात लावणार नाही. तुझ्या स्क्रीनकडे पाठ करून बसते. मी विचारीन तेवढं सांग."

"तुम्हाला कळतंय व्हय यातलं?" ती म्हणाली.

"थोडंफार."

अशा आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. ती लॅपटॉपसमोर आणि मी तिच्याकडे पाठ करून तुळशीकडे तोंड केलेली. शेजारीण कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "क्या अम्मा, भांडण हुआ क्या तुमारा?" मी म्हटलं, "नै, काम चालू है."

पहिला प्रश्न मी एवढाच विचारला की सत्तेचाळीस मिनिटं जातात कुठे. तिने कधी पाहिलंच नव्हतं. बिल्ड सुरू झालं की ती खाली येत होती ना. मग एक पूर्ण बिल्ड तिने शेवटपर्यंत बघितलं आणि मला वेळा सांगितल्या. नुसतं बांधायला नऊ मिनिटं. गाठोडं करून सर्व्हरवर चढवायला सात. उरलेली एकतीस मिनिटं टेस्टची, आणि त्यातही लहान टेस्ट तीन मिनिटांत संपत होत्या. बाकी वेळ मोठ्या टेस्ट खात होत्या, कारण त्यांच्यातली प्रत्येक टेस्ट आपल्यापुरता सगळा पसारा नव्याने मांडून, काम झालं की मोडत होती. पाहुण्यागणिक चूल पेटवून विझवावी तसं.

मग मी तिच्याकडून कोणता मॉड्यूल कोणावर उभा आहे ते विचारत गेले आणि कागदावर चौकोन काढून रेघा ओढत गेले. संध्याकाळी चित्र पुरं झालं. तिचा प्रयोगशाळेचा चौकोन अगदी कडेला होता. त्याच्यावर फक्त शेवटचं गाठोडं उभं होतं. प्रयोगशाळेला हात लावला म्हणून औषधं, नोंदणी, वॉर्ड पुन्हा बांधायचं काही कारण नव्हतं.

तिने कडेच्या चौकोनावर बोट ठेवलं. "म्हणजे मी नऊ महिने दुसऱ्यांची भांडी घासली," ती म्हणाली. सोवळ्याची गोष्ट मी तिला सांगितलेली नव्हती, हे लक्षात घ्या.

बिल्ड करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सोय असते की अमुक मॉड्यूल आणि त्याच्यावर उभे असलेले तेवढेच बांध. तिला ती सोय माहीत होती, कॉलेजात शिकली होती. वापरायची परवानगी आहे असं तिला वाटलंच नव्हतं. पडद्यावरच्या पानांसाठी तर तिने आणखी सोपं केलं. गाठोडं न बांधता आपल्याच मशीनवर छोटा सर्व्हर चालू ठेवायचा आणि त्याला सांगायचं की पानं थेट माझ्या फोल्डरमधून घे. तारीख सरकवली, ब्राउझर रिफ्रेश केला, दिसली. मला पाठीमागून फक्त तिचा आवाज आला, "अगं बाई." मग कळफलकाची खटखट. मग पुन्हा, "अगं बाई."

पण दुसऱ्याच दिवशी आम्ही तोंडावर पडलो. सकाळी एका सहकाऱ्याने सगळ्यांना लागणाऱ्या एका सामाईक मॉड्यूलमध्ये बदल केला होता. तिने तो आपल्या मशीनवर उतरवून घेतला, पण नव्या उत्साहात फक्त प्रयोगशाळा बांधली. सामाईक मॉड्यूल जुनाच राहिला. रिपोर्टवर तारखेऐवजी भलतंच काहीतरी छापून आलं आणि ती रडकुंडीला आली. तिला वाटलं आपलंच चुकलं. मला मात्र मिलिग्रॅमचा तो दिवस आठवला. जुना तुकडा नव्यात मिसळण्याची जी भीती मला होती ती खोटी नव्हती. मग आम्ही ठरवलं की सकाळी दुसऱ्यांचे बदल घेतले की आधी चित्र बघायचं. ज्याला कोणाचाही हात लागला आहे तो, आणि त्याच्यावर उभे असलेले सगळे, एवढे बांधायचे. आणि इस्पितळाला जाणारं गाठोडं मात्र सगळं पुसून, पहिल्यापासून, सगळ्या टेस्टसकट. तिथे अपवाद नाही.

मोठ्या टेस्ट उरल्या. ती म्हणाली, मशीनला आठ हात आहेत, एका वेळी एकच टेस्ट का चालवायची, चार-चार चालवू. चालवल्या तर अकरा टेस्ट पडल्या, म्हणजे नापास झाल्या. शोधता शोधता गंमत बाहेर आली. सगळ्या टेस्ट एकाच खोट्या रुग्णावर चालत होत्या. रुग्ण क्रमांक एक, वय नव्याण्णव. एक टेस्ट त्याचं रक्त घेत होती तेवढ्यात दुसरीने त्याला घरी सोडलं होतं, आणि तिसरी त्याला नव्याने भरती करून घेत होती.

"बिचारा म्हातारा," ती म्हणाली. "कुणी ठेवला आसंल ह्याला?"

मी ठेवला होता. तेही मी तेव्हा बोलले नाही.

तिने आपल्या हाताखालच्या तीन मॉड्यूलमध्ये ते सुधारलं. प्रत्येक टेस्टने आपला रुग्ण आपण आणायचा आणि जाताना घेऊन जायचा. मोठ्या टेस्टनी एकच पसारा मांडून तो वाटून वापरायचा. त्या तीन मॉड्यूलच्या सगळ्या टेस्ट मिळून सहा मिनिटांवर आल्या, आणि रोजची खेप, म्हणजे एक बदल करून पाहणं, दोन मिनिटांच्या आत.

हे सगळं घेऊन ती ऑफिसला गेली आणि संध्याकाळी चेहरा पाडून परत आली. साहेबांनी अर्धं ऐकून कागद बाजूला ठेवला होता. म्हणाले, मॅडम का रूल है, वो मत छेडो, त्यामागे कारण असेल.

मी तेव्हा कांदेपोहे करत होते. ती ओट्याला टेकून म्हणाली, "कोण होती ही मॅडम देव जाणे. आता आहे का गेली तेबी म्हाईत नाही. आणि माझी नोकरी घालवायला बसलीय."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"गेली नाही अजून," मी म्हणाले. "तुझ्यासाठी पोहे करते आहे."

ती ओट्यापासून सरळ झाली. मग म्हणाली, "तो म्हातारा पण तुमचाच का?"

"माझाच."

"काकू," ती म्हणाली, "चिंच फोडून फोडून माझी बोटं काळी पडली होती." आणि मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मीही बसले. पोहे लागले करपायला.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून तिच्याबरोबर मेट्रोने ऑफिसला गेले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. टीमचा साहेब म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा, आता त्याचे कानशिलाचे केस पांढरे झालेले. घरी तेलुगू बोलतो, ऑफिसात हैदराबादी हिंदी. मला बघून तो उभाच राहिला.

"मॅडम, आप? बैठिये ना. चाय मंगाऊं?"

"चहा नंतर," मी म्हणाले. "तो पहिल्या पानावरचा नियम मी लिहिला होता."

"हौ मॅडम. अभी भी पाळतो आम्ही. अपवाद नाही."

"मी तो सहा मॉड्यूलसाठी लिहिला होता. तेव्हाच खाली लिहायला हवं होतं की दर वर्षी हा नियम पुन्हा तपासा. ते मी लिहिलं नाही. ती माझी चूक. ही मुलगी सावकाश काम करत नाही, माझा नियम सावकाश आहे."

त्याला ते पटकन पचलं नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मिलिग्रॅमच्या वेळी तो तिथे होता. शेवटी त्याने तिच्यासमोर एक अट ठेवली. साठलेल्या कामांपैकी सहा कामं पुढच्या शुक्रवारपर्यंत तिने आपल्या पद्धतीने करायची. शुक्रवारी दुपारी जुन्या पद्धतीने, सगळं पुसून, तेवीस मॉड्यूलचं पूर्ण बिल्ड सगळ्यांसमोर लावायचं. ते हिरवं निघालं, म्हणजे सगळ्या टेस्ट पास झाल्या, तर नियम बदलायचा. आणि पत्राचंही तेव्हाच ठरेल.

"आणि लाल निघालं तर?" तिने विचारलं.

"तो फिर सोचेंगे," तो म्हणाला. पण पुढे महिनाअखेर होती, विचाराला वेळ नव्हता, हे तिघांनाही कळत होतं.

सोमवारी त्याने कामं दिली आणि गुरुवारी दुपारी तिची सहाही संपली. ती चार दिवस खाली आलीच नाही. मी आपली खालून पंख्याचा आवाज ऐकत होते. एकदा चहा घेऊन वर गेले तर म्हणाली, "ठेवा काकू तिथं, आता वेळ न्हाई," आणि हे वाक्य ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

शुक्रवारी मला बोलावणं होतं. मोठ्या पडद्यावर बिल्ड लावलं आणि सगळी टीम भोवती जमली. एकेक मॉड्यूल हिरवा होत गेला. तिचे तीन झाले, ते तिने बोटांवर मोजले. चाळिसाव्या मिनिटाला डिस्चार्जचा मॉड्यूल लाल झाला. एक टेस्ट पडली होती.

तिने माझं मनगट घट्ट धरलं. डिस्चार्ज तिचा मॉड्यूल नव्हताच, पण पूर्ण बिल्ड लाल म्हणजे लाल.

मग मागून एक मुलगा म्हणाला, "अरे ती ना? ती पडते कधीकधी. पुन्हा लावा, होऊन जातं." साहेबाच्याही चेहऱ्यावर सुटका दिसली. तो तिला म्हणाला, "हां, ये तो हमेशा का है. चलाव एक बार फिर, हो जाता." तिथे ती पद्धतच होती. टेस्ट पडली की पुन्हा चालवायची, हिरवी झाली की विसरायचं. आणि पुन्हा चालवली असती तर बहुतेक हिरवी झालीही असती. तिने होय म्हणायचं होतं, एवढंच.

"नाही सर," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. नऊ महिन्यांत ती साहेबाला नाही म्हणाल्याचं कोणाच्या आठवणीत नसावं.

"पुन्हा न्हाई लावायचं. ती का पडते ते मला माहिती आहे. कुठली टेस्ट आधी चालते ते दर वेळी बदलतं. हिच्या आधी जर दुसऱ्या टेस्टने त्या एक नंबरच्या पेशंटला घरी सोडलं असेल, तर हिला सोडायला कोणी उरतच नाही, म्हणून ही पडते. आपण पुन्हा लावतो तेव्हा नशीब बदलतं, कोड बदलत न्हाई. मला दहा मिनिटं द्या."

ती पडद्यापाशी जाऊन बसली. सगळ्यांच्या देखत तिने त्या टेस्टला तिचा स्वतःचा रुग्ण दिला, फक्त डिस्चार्ज आणि त्याच्यावर उभं असलेलं बांधलं, आणि टेस्टचा क्रम मुद्दाम उलटसुलट करून वीस वेळा चालवून दाखवली. वीसही वेळा हिरवी. जो मुलगा मागून बोलला होता तो पुढे येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, "माझ्या वॉर्डच्या टेस्टचंपण असंच असेल का?" ती न वळता म्हणाली, "असणारच. म्हातारा तोच आहे."

मग तिने स्वतःच सगळं पुसून पूर्ण बिल्ड नव्याने लावलं. जवळजवळ पाऊण तास आम्ही कोणी जागचे हललो नाही. चहा आला, गार झाला. तेवीसचे तेवीस हिरवे.

साहेबाने नियमाचा कागद उघडला आणि कळफलक माझ्याकडे सरकवला. "मॅडम, लिखो." मी तो तिच्याकडे सरकवला. तिने लिहिलं. रोजच्या कामाला हात लागलेलं आणि त्याच्यावर उभं असलेलं तेवढंच बांधा. टेस्ट पडली तर पुन्हा लावण्याआधी कारण शोधा. इस्पितळाला द्यायचं गाठोडं सगळं पुसून पहिल्यापासून. खाली माझ्या सांगण्यावरून मिलिग्रॅमची हकिगत दोन ओळींत लिहिली, म्हणजे पुढच्यांना कळेल की हे कशासाठी आहे. आणि त्याखाली, वर्षातून एकदा वेळा मोजा आणि हा नियम पुन्हा तपासा. "अपवाद नाही" हे शब्द तिने फक्त एकाच ओळीपुढे ठेवले. त्या ओळीपुढे ते मलाही हवेच होते.

पत्र सोमवारी यायचं होतं, पण साहेब खाली दारापर्यंत सोडायला आला तेव्हा त्याच्या हातात ते होतं. छापून ठेवलेलं नव्हतं, तेवढ्यात छापून घेतलेलं. कागद अजून कोमट होता. तिने ते उभ्या उभ्या वाचलं, मग मला वाचायला दिलं, मग माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचलं. साहेब म्हणाला, सोमवारपासून बाकीच्या वीस मॉड्यूलच्या टेस्ट तुझ्याकडे, दोघं जण मदतीला घे. ती म्हणाली, "हो सर," आणि मग जरा थांबून, "तिघं लागतील." तो हसत आत गेला.

मेट्रोत डबा निम्मा रिकामा होता. समोर दोन जागा होत्या, एका बाईने पिशवी उचलून मला बसायची खूणही केली. मी मान हलवून नको म्हटलं. आम्ही दोघी दाराशी दांडी धरून उभ्याच राहिलो, आणि ती कागदाची घडी हातात धरून मला सांगत होती की वॉर्डचा मॉड्यूल आधी घ्यायला हवा, कारण त्याच्यावर पुष्कळ जण उभे आहेत.